मशीन 98 दाखवतंय, मग दम का लागतोय?

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गुलेन बॅरी सिंड्रोमची) साथ आली. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतं आणि हातापायांतली ताकद जाते, असा हा आजार. महिना संपत आला होता. पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका रुग्णाचा याच आजाराच्या संशयाने मृत्यू झाल्याची बातमी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या मेडिकलच्या काउंटरवर मुंग्यांची रांग लागली. म्हणजे मुंग्या आलेल्या माणसांची.

पहिला यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. "हाताला मुंग्या यालेत बघा, तोंडाला पण. बी-बारा द्या की." मग एक कॉलेजची मुलगी. मग तिची आई. दुपारपर्यंत मला एक गोष्ट कळून चुकली होती. यातल्या कुणालाही जीबीएस नव्हता, आणि यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. मुंग्या खऱ्या होत्या.

मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मेडिकल चालवतो. साथ कुठलीही असो, माणूस दवाखान्याच्या आधी आमच्याकडे येतो आणि दवाखान्यानंतरही. 2020 पासून या काउंटरवर उभं राहून जे पाहिलं, आणि ते कळावं म्हणून डॉक्टर मित्रांना विचारून, वाचून जे उमगलं, ते इथे सांगतोय. प्रत्येक साथीच्या पोटात दुसरी एक साथ असते. ती पहिलीचंच सोंग घेऊन येते. पहिली ओसरली की हिला सुट्टी मिळेल असं आपण धरून चालतो, पण हिचं वेळापत्रक वेगळं असतं.

मुंग्या येतात कुठून

घाबरल्यावर माणूस भराभर आणि वरवर श्वास घेतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. अशा श्वासाने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच भरलेला असतो. पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की रक्ताची रासायनिक घडी बदलते, नसांना हवं असलेलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. छातीचे स्नायू आखडतात, म्हणून छाती भरून येते. मग माणसाला वाटतं, श्वास पुरत नाही. तो आणखी जोराने श्वास घेतो. मुंग्या वाढतात.

घाबरून आलेल्या मुंग्या बहुधा दोन्ही हातांना आणि तोंडाभोवती येतात, अर्ध्या-पाऊण तासात उतरतात, आणि माणूस उठून चालू शकतो. जीबीएसमध्ये खरी खूण ताकद जाण्याची असते. जिना चढताना पाय लटपटतात, मांडी घालून बसलेलं उठता येत नाही, आणि हे तासागणिक, दिवसागणिक वाढत वर सरकतं. तसं असेल तर काउंटरवर वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. त्या जॉबरला मी दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढ-उतर करायला लावल्या. तो चढला, उतरला, हसला आणि तरीही बी-बारा घेऊन गेला.

यामागचं यंत्र जुनं आहे. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं काम धोका हुंगायचं. धोका वाटला की तो विचार करणाऱ्या मेंदूची वाट बघत नाही. थेट हुकूम सोडतो: ॲड्रिनलिन वाढव, काळीज पळव, पोटाचं काम थांबव, रक्त हातापायांकडे पाठव. समोर बैल उधळला तर हे फार कामाचं. उडी मारून बाजूला झालं की थोड्या वेळात सगळं ताळ्यावर येतं. विषाणू मात्र दिसत नाही, पळून जाता येत नाही, आणि तो गेला हे सांगायला कुणी येत नाही. मग भोंगा वाजतच राहतो. आठवडे, महिने. ॲड्रिनलिनच्या जोडीला कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन चढं राहतं आणि झोप उडते, ॲसिडिटी होते, मान-पाठ धरते, शुगर आणि बीपी बिघडतात.

आमच्याकडे हे "मन" म्हणून येत नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या भागात "मला चिंता वाटते" असं कुणी म्हणत नाही. "छातीत धडधडतंय", "डोक्यात मुंग्या चालल्यासारखं होतंय", "अन्न गोड लागंना", "जीव लागंना कशातच" असं म्हणतात. डॉक्टर ईसीजी काढतात, तो चांगला येतो. "काही नाही तुम्हाला," असं सांगून पाठवतात. माझ्या मते हे वाक्य निम्मं चूक आहे. हृदयाला काही नाही, एवढंच त्या ईसीजीने सांगितलेलं असतं.

ऑक्सिमीटर

2020 च्या उन्हाळ्यात आणि मग 2021 च्या एप्रिलमध्ये आम्ही ऑक्सिमीटर विकले तसे एरवी थर्मामीटरही विकले नसतील. चांगलं साधन. करोनात ऑक्सिजन गुपचूप उतरायचा, माणूस बोलता-बोलता 85 वर यायचा, तेव्हा या चिमट्याने अनेकांना वेळेत सिव्हिलला पोचवलं. 94 च्या खाली गेलं तर डॉक्टर, हा नियम घराघरांत पाठ झाला होता.

पण रात्री अकराला दुकानाचं शटर वाजवून "मशीन बिघडलंय का बघा" म्हणणारेही होते. मशीन 98 दाखवतंय, मग दम का लागतोय? उत्तर वर दिलंच आहे. ऑक्सिजन भरपूर होता, भीतीने श्वास बिघडला होता. कधी बोट गार पडलेलं, कधी नखावर मेंदी नाहीतर गडद नेलपॉलिश, म्हणून आकडा खाली दिसायचा आणि घर हादरायचं.

यात एक चक्र असतं. शंका येते, माणूस तपासतो, 98 दिसतं, बरं वाटतं. हे बरं वाटणं दहा मिनिटं टिकतं. मेंदू यातून एक चुकीचा धडा शिकतो: "तपासलं म्हणून वाचलो." पुढच्या वेळी शंका लवकर येते. दिवसातून चार वेळा तपासणारा चाळीस वेळा तपासू लागतो. हात धुण्याचंही तसंच. ज्यांना आधीपासून धुण्या-पुसण्याचा, मोजण्याचा मंत्रचळ होता, त्यांची तर साथीने पंचाईतच केली. ज्या गोष्टीला डॉक्टर आजार म्हणत होते, तीच आता सरकारी जाहिरात सांगत होती.

हे चक्र तोडायचं तर तपासणीला वेळ बांधून द्यावा लागतो. सकाळी एकदा, रात्री एकदा, वहीत लिहायचं, मध्ये मशीन दुसऱ्याच्या ताब्यात. पहिले दोन-तीन दिवस जीव खालीवर होतो. मग मेंदूला कळायला लागतं, की न तपासताही आपण जिवंत आहोत. आणि श्वासासाठी: नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठ चंबूसारखे करून सहा-आठ मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, त्यातच सगळं आहे. "जोरात श्वास घ्या" हा सल्ला अशा वेळी उलटा पडतो.

बातम्यांनाही हीच गोष्ट लागू. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, की रोगाबरोबर माहितीचीही साथ आलीय, आणि खरं-खोटं इतकं मिसळलंय की माणसाला कशावर विश्वास ठेवावा कळत नाही. त्या वर्षी लॉकडाउनच्याही आधी कोंबडीतून करोना होतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रात कोंबड्या मातीमोल भावाने गेल्या. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. ज्यांनी गोळ्या वाटायच्या, असे खासगी डॉक्टरही त्यात होते.

विषाणू स्वतः मनाला काय करतो

आतापर्यंतचं सगळं भीतीचं होतं. पण एक भाग निव्वळ शरीराचा आहे आणि तो लोकांना कुणी नीट सांगत नाही.

ताप आला की आपण गप्प होतो, पांघरूण घेऊन कोपरा धरतो, जेवण नको, माणूस नको. हे मेंदूनेच घडवलेलं असतं. संसर्गाशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं ती मेंदूपर्यंत निरोप नेतात: शक्ती वाचव, हलू नकोस. ताप उतरल्यावर हा निरोप बंद व्हायला हवा. काहींच्या बाबतीत तो आठवडे चालू राहतो. डेंगी, चिकुनगुनियानंतर महिना-दोन महिने माणूस पिळून काढल्यासारखा का असतो, रडू का येतं, चिडचिड का होते, त्याचं मोठं कारण हे. "बरा झालास की आता, काय सोंग करतोस" असं घरच्यांनी म्हणायचा तोच काळ. कृपा करून म्हणू नका.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये करोना होऊन गेलेल्या सुमारे 2 लाख 36 हजार लोकांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक अमेरिकेतले. सहा महिन्यांच्या आत साधारण 34 टक्के लोकांच्या कागदावर मेंदूचं किंवा मनाचं काही ना काही निदान आलेलं होतं. यात ज्यांना आधीपासून त्रास होता तेही धरले आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच असं निदान झालेले सुमारे 13 टक्के. शंभरात तेरा. फ्लूनंतरही असं होतं, पण करोनानंतर जास्त दिसलं.

औषधांचाही वाटा आहे. आयसीयूतल्या कित्येकांचे जीव ज्या स्टेरॉइडने वाचले, तेच स्टेरॉइड झोप उडवतं, काहींना अस्वस्थ करतं, काहींना उगाच उत्साहात नेतं आणि बंद करताना खाली पाडतं. टीबीच्या औषधांपैकी सायक्लोसेरीन तर मनावर परिणाम करण्यासाठी बदनामच आहे. अशी गोळी चालू असताना माणूस वेगळा वागायला लागला तर ते ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना भास होतात. वेळकाळ कळत नाही, नळ्या ओढतात, परिचारिका आपल्याला मारायला आल्यात असं वाटतं. करोनात तर समोरच्याचा चेहराही दिसत नव्हता, नुसते पांढरे पीपीई किट. घरी आल्यावर आजोबा सांगतात, "मला तिथे बांधून ठेवलं होतं, छतावरून पाणी पडत होतं." हे त्यांनी पाहिलंय. खोटं पाडायला जाऊ नका. भ्रम हा गंभीर आजारपणात मेंदूने घेतलेला झटका असतो. बहुतेकांचा उतरतो, पण त्याच्या आठवणी रात्री परत येतात.

"सापडला"

त्या दिवसांतली आपली भाषा आठवून बघा. "तिसऱ्या गल्लीत एक सापडला." "तिच्या घरात दोघं निघाले." सापडतो तो चोर. निघतो तो साप. आजारी माणसासाठी हे शब्द आपण वापरले आणि कुणाला खटकलंही नाही. गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे, दारावर स्टिकर. 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय घरांवर असे फलक लावायची गरज नाही. तोवर बहुतेकांच्या दारावरून ते लागून, फाटून गेलेही होते.

याचा परिणाम सरळ आकडेमोडीसारखा असतो. नाव जाहीर होण्याच्या धास्तीने माणूस ताप लपवतो. आमच्याकडे येऊन "अंगदुखीचं काहीतरी द्या" म्हणतो, खोकला आला तर तोंड फिरवून दाबतो. पाच दिवसांनी दम लागल्यावर उचलून नेतात. उशीर झालेला असतो. मग गल्ली म्हणते, "बघा, दवाखान्यात गेला की माणूस परत येत नाही." म्हणून पुढचा आणखी उशिरा जातो.

हे नवीन नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घरात शिरून, बायाबापड्यांना बाहेर काढून तपासण्या करायचे. त्या अपमानाची परिणती जूनमध्ये रँडच्या खुनात झाली, हे शाळेत शिकलोय. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता 10 मार्चला गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षात रोग्याशी वागण्याच्या या दोन तऱ्हा. लोक रोग लपवतात की सांगतात, हे यातली कुठली तऱ्हा त्यांच्या दारात येते त्यावर ठरतं.

विलगीकरणावरचे जुने अभ्यास फेब्रुवारी 2020 मध्ये लॅन्सेटने एकत्र छापले होते. दहा दिवसांच्या वर गेलं की मनावरच्या जखमेची लक्षणं वाढतात, आणि सगळ्यांत जास्त त्रास देतात त्या साध्या गोष्टी: सुटका कधी ते न सांगणं, पुरेसं अन्न-औषध न पोचणं, रोजच्या सूचना बदलणं. या तिन्ही गोष्टी टाळायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, दूध आणि खरी माहिती वेळेवर लागते.

हात रिकामे

24 मार्च 2020 च्या रात्री देश बंद झाला. पूर्व भागात मागांचा खडखडाट इतका अंगात मुरलेला आहे, की तो बंद पडल्यावर लोकांना झोप येईना. मला वाटायचं ही बोलायची पद्धत. नंतर कळलं की माझीही झोप उडालीय.

विडी वळणाऱ्या बाईचं घर हाच कारखाना. कंपनीच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायचं, वळून नेऊन द्यायचं, हजाराच्या हिशोबाने आठवड्याला पैसे. पान-तंबाखू मिळायचं थांबलं की त्याच दिवशी सूप रिकामं. एक अक्का नुसती दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. "बोटं चळवळ करतेत, काय करू?" वयाच्या दहाव्या वर्षापासून हलणारी बोटं. मिळकत गेली हे तर होतंच, पण रोजचा आकार गेला, पायरीवर चौघींनी मिळून वळताना जी बोलणी व्हायची ती गेली, घरात आपल्या शब्दाला असलेलं वजन गेलं. एका-दोन खोल्यांत सात माणसं, नवरा घरी, त्यात त्याची दारू बंद.

दारूचं थोडं थांबून सांगतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झटका येऊ शकतो, भास होतात. हा जीवघेणा प्रकार आहे आणि याला दवाखाना लागतो. 2021 च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. ही बातमी वाचून लोक हसले होते.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात 25 टक्क्यांनी वाढलं. याचा अर्थ शंभरातल्या पंचवीस जणांना झालं, असा नाही. आधी शंभरात चार असतील तर आता पाच. ऐकायला कमी, पण सोलापूरसारख्या शहराला लावून बघा म्हणजे कळेल. वाढ तरुणांमध्ये आणि स्त्रियांमध्ये जास्त होती. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीत 2019 साली 1,39,123 आत्महत्या होत्या, 2020 साली 1,53,052 आणि 2021 साली 1,64,033. त्या शेवटच्या वर्षी दर चारांतला एक रोजंदारीवर जगणारा होता. साथीमुळेच हे झालं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, नोंदी आधीही वाढत होत्या. पण हातावरचं पोट आणि मन यांच्यात किती कमी अंतर असतं, ते या एका ओळीत दिसतं.

म्हणून रेशनची पिशवी वाटणाऱ्याला मी मनाच्या आरोग्याचा कार्यकर्ताच मानतो. हवं तर हसा.

मातीला जाता आलं नाही

आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत माणसं मरतात, आणि प्रत्येकाची निरोप द्यायची रीत वेगळी. कुणी दहन करतं, लिंगायतांमध्ये बसवून दफन, मुसलमानांमध्ये गुस्ल, म्हणजे देहाला अंघोळ, आणि जनाजा. सगळ्यांत समान एकच: माणसं जमतात. तोंड बघतात. मातीला जातात. मग दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं, शेजारून जेवण येतं, तीच गोष्ट पन्नास वेळा सांगून होते. "सकाळी चहा पिला, मग म्हणाले छातीत दुखतंय…" पन्नासाव्या वेळी सांगताना ती गोष्ट थोडी बोथट झालेली असते. दुःख पचवायची ही आपली शेकडो वर्षांची पद्धत, आणि ती काम करते.

एप्रिल-मे 2021 मध्ये हे सगळं तुटलं. पिशवीत बांधलेला देह, लांबून हात जोडणं, घरी परत आल्यावर कुणी दारात नाही. ज्यांना हेही मिळालं नाही, त्यांच्या डोक्यात प्रश्न अडकून राहतो: ती खरंच तीच होती का? शेवटी काय म्हणाली? मी वेळेत नेलं असतं तर?

एक मामा दर दोन-तीन महिन्यांनी ऑक्सिमीटरचे दोन सेल न्यायला यायचे. साथ कधीच संपलेली. मी मनात त्यांना वरच्या चक्रात बसवून टाकलं होतं: तपासणीचा चाळा. एकदा शहाणपणा करून म्हणालो, "मामा, आता कशाला तपासता?" ते म्हणाले, "मी न्हाई तपासत. तिचंय ते. चालू राहू दे म्हणून." मी पैसे घेऊन गप्प बसलो. भीती आणि दुःख काउंटरवर एकाच किमतीचे दोन सेल घेऊन जातात.

दुःख हा आजार नव्हे. माणूस महिनोन्महिने रडला, तर तो बरोबरच आहे. पण काहींचं ते हलतच नाही. सहा महिने उलटले, वर्ष झालं, तरी पहिल्या दिवसासारखी ओढ, काम सुटलेलं, माणसं सुटलेली, जगण्यात अर्थ नाही असं सतत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याला आता स्वतंत्र नाव आहे, लांबलेला शोक, आणि त्यावर बोलून करायचे उपचार आहेत. आपल्याकडे याला जुना शब्द आहे: हाय खाल्ली. "पोरगा गेला आणि म्हाताऱ्याने हाय खाल्ली." शब्द होता, पण त्याच्यापुढे "आता काय करणार" एवढंच होतं.

साथीचे नियम पाळूनही निरोप देता येतो, हे पश्चिम आफ्रिकेने इबोलाच्या वेळी शिकवलं. तिथे सुरुवातीला पथकं येऊन देह उचलून न्यायची, म्हणून लोक देह लपवायचे, आणि त्यातूनच संसर्ग वाढायचा. 2014 च्या अखेरीस नियमच बदलले. घरच्यांना लांबून बघू द्यायचं, प्रार्थना होऊ द्यायची, कपडा-वस्तू ठेवायची असेल तर ठेवू द्यायची, धर्मगुरूला बरोबर घ्यायचं. देहाला हात न लावताही बरंच काही करता येतं. आणि राहून गेलेला निरोप उशिराही देता येतो. 2023 च्या जानेवारीत दोन वर्षांनी सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची जत्रा, पुन्हा भरला, त्याच्या आसपास काही घरांनी राहिलेल्या जेवणावळी घातल्या. बघणाऱ्यांना विचित्र वाटलं. मला ते फार समजूतदार वाटलं.

म्हाताऱ्यांबद्दल एवढंच, की त्यांना साथीपासून वाचवताना आपण त्यांना माणसांपासूनही वाचवतो. 2003 च्या सार्समध्ये हाँगकाँगला वृद्धांच्या आत्महत्या वाढल्या. कारणं शोधली तेव्हा रोगाच्या भीतीबरोबर एकटं पडणं आणि घरच्यांना ओझं होण्याची धास्ती निघाली. आणि आशाताई, परिचारिका, स्मशानातले कामगार यांच्यावर फुलं उधळून झाली, पण त्यातल्या कुणाला पुरेशी झोप मिळाली का, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

गोळ्यांचं, आमच्या बाजूने

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आणि त्यामुळे काम-घर अडायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे कशाला, त्याच दिवशी. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जवळच्याने असं काही बोलून दाखवलं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही. ती आधीच असते, विचारल्यावर थोडी बाहेर येते.

झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागायला येतात. अल्प्राझोलमसारखी गोळी अर्ध्या तासात शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते. ती आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून द्यावी लागते आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाही. नाही म्हटलं की शिव्या खातो, चालतंय. नैराश्याच्या गोळ्या वेगळ्या. त्यांना असर करायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होते, तेव्हाच अर्धे लोक सोडून देतात आणि म्हणतात, "फरक नाही पडला." त्यांची नशा होत नाही. पण बरं वाटायला लागलं म्हणून एकदम तोडायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सौम्य त्रासात गोळीशिवाय, नुसत्या समुपदेशनानेही भागतं.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की ज्यांना उपचार लागतात त्यांच्यातले आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. साथीच्या आधीची ही गोष्ट. कारणांत अंतर आहे, पैसा आहे, पण आमच्या भागात मला मोठं कारण दिसतं ते खिडकीवरचं: नंबर लावताना मागे ओळखीचं कुणी उभं असेल तर? आपल्या सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे. केसपेपर काढताना ते नाव घ्यायला जीभ अडखळत असेल, तर "झोप लागत नाही, छातीत धडधडतं, इतके दिवस झाले" एवढंच सांगा. कुठल्या खोलीत पाठवायचं ते त्यांना माहीत असतं.